स्टेजवरचा स्पीकर

रवींद्रला कुणी नाही म्हटलेलं खपत नाही, ही खोड द्वारकाबाईंना त्याच्या लहानपणापासून ठाऊक होती. अमेरिकेत फ्रीमाँटच्या हॉलमध्ये गणपतीचा कार्यक्रम होता. स्पीकर टांगायला आलेला लायसन्सवाला माणूस "हे छत वजन पेलणार नाही" म्हणून निघून गेला, तशी लेकानं स्वतःच शिडीवर चढून ते धूड स्टेजच्या वर दोरीनं लटकवलं.

"आई, मीपण इंजिनिअरच आहे. एकदम सेफ आहे. नाचाची पोरं पाठव."

"कॉम्प्युटरचा ना रे तू?" बाई म्हणाल्या; नाचासाठी नटलेल्या नातवंडांचे हात त्यांना सोडवेनात.

तेवढ्यात रवींद्रनं एकदा वर पाहिलं आणि स्पीकरखाली ठेवलेला आपला लॅपटॉप हळूच उचलून लांबच्या टेबलावर नेला.



"रवींद्रा, आधी तो लॅपटॉप होता तिथं ठेव. मग पाठवते पोरं."