होडीतला मुलगा

"...आणि नदीच्या ऐन मध्यावर होडीची मोटर बंद पडली," लेखिकाबाई म्हणाल्या आणि थांबल्या. या गोष्टीत कुठं थांबायचं हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. "तळातून पाणी यायला लागलं. आमच्या ह्यांनी पायातला बूट काढला आणि बुटानं पाणी उपसायला सुरुवात केली. मी रडायच्या बेतात. आणि आमचे चिरंजीव, सहा वर्षांचे, मांडीवरचा पुडा घट्ट धरून विचारतात, 'बाबा, बुडणारच असलो तर बिस्किटं आधी संपवू का?'"

वाचनालयाचा हॉल खळखळून हसला. मुलाखत घेणारे ग्रंथपाल तर चष्मा काढून डोळे पुसायला लागले.

बाईंना राहवलं नाही. शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर, मांडीवर हेल्मेट घेऊन एक चाळिशीचा माणूस बसला होता. "ते बघा चिरंजीव. मागे बसलेत. तुमच्याच गावात नोकरीला आहेत."

सगळ्या माना वळल्या. तो अर्धवट उठला, हात जोडले आणि पटकन खाली बसला.

कार्यक्रम संपल्यावर बाईंपेक्षा त्याच्याभोवतीच गर्दी जास्त झाली. एका निवृत्त शिक्षिकेनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "मग, संपवलीस का रे बिस्किटं?"

"संपवली की," तो हसून म्हणाला. "चुरासुद्धा ठेवला नाही."

ग्रंथपालांनी दोघांना आपल्या खोलीत बसवलं, चहा दिला आणि ते हॉल आवरायला गेले. दार लोटलं गेलं तशी खोली एकदम शांत झाली. फोनवर दोघं आठवड्याला बोलत, पण समोरासमोर बसून किती महिने झाले ते बाईंना आठवेना.

"वाटलं नव्हतं येशील."

"पाइपलाइन फुटली होती. ती आटोपली आणि तसाच आलो." त्याच्या पँटवर गुडघ्यापर्यंत चिखल वाळला होता. त्यानं चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. "आई, एक बोलू? मनाला लावून घेऊ नकोस."

"बोल की."

"त्या होडीत मी नव्हतो."

बाई हसल्या. "काहीतरीच! माझ्याजवळ बसला होतास. निळा स्वेटर होता अंगात. अजून डोळ्यांसमोर आहे माझ्या."

"निळा स्वेटर मावशीनं विणला. मी तिच्याकडे असताना. मला गोवर आला होता, म्हणून मला तिच्याकडे ठेवून तुम्ही दोघंच गेलात. तुझ्या पहिल्या कादंबरीसाठी ती नदी बघायची होती तुला." तो हळू बोलत होता, एखाद्या आजारी माणसाशी बोलावं तसं. "बिस्किटांचं वाक्य त्या कादंबरीतल्या मुलाचं आहे. तू लिहिलेलं."

'विचार की तुझ्या बाबांना,' बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी तसंच गिळलं. बूट हातात घेऊन पाणी उपसणारा माणूस जाऊन आता तिसरं वर्ष चालू होतं. त्या होडीतलं विचारण्यासारखं कुणीच उरलं नव्हतं.

त्यांनी डोळे मिटून पाहिलं. होडी दिसली, गढूळ पाणी दिसलं, नवऱ्याचा भिजलेला मोजा दिसला. शेजारी मुलगाही दिसला. पण त्याचं तोंड काही केल्या त्यांच्याकडे वळेना.

"इतकी वर्षं सांगतेय मी," त्या म्हणाल्या. "कधी बोलला का नाहीस?"

"लहान होतो तेव्हा मलाच आवडायचं. शाळेत मीही सांगायचो, आमची होडी बुडत होती म्हणून." तो ओशाळून हसला. "तुझ्या गोष्टीत तरी मी तुमच्याबरोबर होतो ना."

बाहेर हॉलमध्ये खुर्च्या एकात एक रचल्याचा आवाज येत होता. बाईंचा चहा निवून गेला होता, वर साय धरली होती. देशोदेशी हिंडून त्यांनी माणसं बोलती केली होती. खलाशी, हमाल, सीमेवरचे पहारेकरी, रेल्वेत शेजारी बसलेल्या अनोळखी बायका. कुणाला काय विचारलं की तो मोकळा होतो, हे त्यांना नेमकं कळायचं. आता मात्र एक साधा प्रश्न त्यांना मनात दोनदा जुळवून पाहावा लागला.

"मावशीकडे काय करायचास रे?"

त्यानं मान वर केली. हे त्याला आजवर कुणी विचारलं नसावं.

"आधी नुसता पडून असायचो. गोवर उतरला तसा अंगणात खेळायला लागलो. संध्याकाळची बस मावशीच्या घरासमोर थांबायची. मी फाटकाला लटकून बघत बसायचो. कंडक्टर ओळखायला लागला होता मला. तोच दारातून हात हलवून सांगायचा, आज नाहीत म्हणून."

"मग?"

"मग काय, मावशी जेवायला हाक मारायची. मी तिला म्हणायचो, दोन ताटं जास्त मांड, आईबाबा येतीलच एवढ्यात."

बाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. "आणि ती काय म्हणायची?"

"काही नाही म्हणायची," तो म्हणाला. "रोज मांडायची."