सर्जेरावांच्या चिठ्ठीवर लागलेली नोकरी

अक्षता ओव्हाळला सरकारी नोकरी लागली. क्लार्क, गुणवत्ता यादीत अकरावी. पण बिबवेवाडीत सर्जेरावांच्या जनसंपर्क कार्यालयात गुरुवारी सकाळी अकरापर्यंत शिफारशीच्या चिठ्ठीशिवाय कोणाला नोकरी लागल्याचं घडलेलं नव्हतं. आपणही तूर्त तसंच धरून चालू.

अकराला तिचे वडील दशरथ तिला घेऊन आत शिरले. एका ठिकाणी पेढे द्यायचेत, एवढंच त्यांनी तिला सांगितलं होतं. माजी नगरसेवक सर्जेरावांसमोर पुडा उघडून त्यांनी हात जोडले.

"साहेब, तुमच्या चिठ्ठीमुळे पोरगी लागली."

अक्षताने हातातला पेढा पुन्हा पुड्यात ठेवला. तीन वर्षं. पहाटे चारचा गजर, अभ्यासिकेतली पंख्यापासून लांबची खुर्ची, दोनदा हुकलेली यादी.

"कुठली चिठ्ठी, पप्पा?"

"मागच्या वर्षी जूनमध्ये लिहून घेतली होती, साहेब पोस्टात टाकणार होते. तुझ्या अभ्यासावर विश्वास होता गं. बाकीच्यांवर नव्हता."

सर्जेरावांना दशरथ आठवत नव्हते, चिठ्ठीही आठवत नव्हती. पेढा मात्र त्यांनी सवयीने घेतला. "अहो, आपलीच पोरं. चिठ्ठी गेली, वर एक फोन टाकला, झालं."

"त्या चिठ्ठीची प्रत मिळेल?" अक्षता म्हणाली. "नोकरी माझी की तुमची, तेवढं कळायला."

"का नाही? आमच्याकडे सगळं जपून असतं."

ते खरं होतं. त्यांनी ड्रॉवर ओढला. लग्नपत्रिकांच्या ढिगाखालून एक खाकी पाकीट वर आलं. चिकटवलेलं, तिकीट लावलेलं. पोस्टाचा शिक्का तेवढा नव्हता.

"हे तर मीच आणून दिलेलं पाकीट," दशरथ हळूच म्हणाले. "पत्ता माझ्याच हातचा आहे."

सर्जेरावांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. मग ते बोलले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"मग ही लागली कशी?"

"परीक्षा दिली," अक्षता म्हणाली.

"ती सगळेच देतात. लावलं कोणी?"

"कोणीच नाही."

सर्जेरावांनी शेजारच्या प्रभागातल्या माजी नगरसेवक हिंदुरावांना फोन लावला. दोघांचं वीस वर्षांचं वैर होतं, ते एका मिनिटात मिटलं. "आमच्याकडून नाही हो," हिंदुराव स्पीकरवर म्हणाले. "अशी अजून किती आहेत?"

"यादी अडीचशेची आहे," अक्षताने सांगितलं.

पलीकडे कोणीतरी धपकन खाली बसल्याचा आवाज आला.

अक्षताला दया आली. "साहेब, अमेरिकेतही पूर्वी अशीच ओळखीवर पदं मिळायची. एकाला मिळालं नाही, तर त्यानं थेट राष्ट्राध्यक्षांनाच गोळी घातली. मग तिथे परीक्षेचा कायदा आला. अभ्यासाला होतं आम्हाला."

सर्जेरावांनी खुर्ची खिडकीपासून थोडी आत घेतली.

दशरथांनी पेढ्यांच्या पुड्याला पुन्हा दोरा बांधला, पुडा काखेत मारला आणि लेकीला म्हणाले, "चल. चुकीच्या पत्त्यावर आलो."

पुढच्या सोमवारी अक्षता रुजू झाली. तिला आवक टेबल मिळालं. आलेल्या प्रत्येक कागदावर त्या दिवसाच्या तारखेचा शिक्का मारायचा, एवढंच काम. पहिलाच अर्ज सर्जेरावांच्या लेटरहेडवर होता. त्याला ते खाकी पाकीट टाचलेलं होतं.

"महोदया, कु. अक्षता ओव्हाळ या स्वतःच्या गुणांवर नोकरीस लागल्याची अफवा प्रभागात पसरली असून त्यामुळे माझी बदनामी होत आहे. गुरुवारपासून माझ्या कार्यालयात चिठ्ठी मागण्यास कोणीही आलेले नाही. तरी सोबतची चिठ्ठी आपल्या कार्यालयास मागील वर्षी जूनमध्येच मिळाली, असा शिक्का मारून तिची एक प्रत अर्जदारास देण्यात यावी, ही नम्र विनंती."