मुठीत दडलेला गंज

मामाकडे तलवारी दोनच, पण थाट असा की घरात जणू शस्त्रागारच आहे! एक युरोपातली, सरळ आणि दुधारी; दुसरी जपानची, बाकदार आणि एकधारी. नावाजलेले पारखी घरी येणार म्हणून मामाने युरोपी तलवारीवरचा गंज घासून काढला आणि त्याच उत्साहात जपानी तलवारीची मूठ उतरवून आत दडलेलं पोलादही लखलखीत करायला घेतलं.

"मामा, ते नको ना घासूस! जपानी तलवारीचं वय त्या गंजावरूनच ओळखतात, वाचलंय मी," भाची कळवळून म्हणाली.

"चार पानं वाचलीस आणि मला शिकवतेस होय गं?"

पारखी आले. युरोपी तलवार बघून त्यांनी मान डोलावली. मग जपानी तलवारीची मूठ उतरवली आणि त्यांचा चेहराच पडला. "तीनशे वर्षांचा पुरावा पुसून टाकला! कुणी केला हा उद्योग?"

"आजकालची पोरं... ऐकतात कुठे," मामा भाचीकडे बघत पुटपुटला.

भाचीने एकदाच मामाकडे पाहिलं. "हो, मीच घासलं. चुकलं माझं."

पारख्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "असू दे, बाळा. तुला काय कल्पना! हेच एखाद्या संग्राहकाने केलं असतं ना, तर त्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायलो नसतो मी." मग मामाकडे वळून हसले. "अहो, उभे काय? पाणी आणा की!"

मामा आत गेला, तो बाहेर येईचना. शेवटी पाणी भाचीनेच आणून दिलं.