गिलीलँडची उमेदवारी

पक्षाचा उमेदवार ठरवायला शाखेच्या सभासदांनी मतं दिली होती; शाखेची सेक्रेटरी म्हणून निकालाचा कागद मंजिरीच्या हातात आला. तिने तो सावकाश वाचून दाखवला. हेझल मॅककी, एकतीस. नॉर्मन गिलीलँड, एकोणीस.

चर्चच्या हॉलमध्ये कोणी टाळी वाजवली नाही. नॉर्मन बावीस वर्षं बॅलीकॉरनचा कौन्सिलर होता. उत्तर आयर्लंडने ब्रिटनला सोडता कामा नये, एवढ्या एका गोष्टीवर तो प्रत्येक वेळी निवडून आला होता. आज त्याच्याच पक्षाने त्याचं तिकीट कापलं. तो खुर्चीत बसूनच राहिला. मंजिरीने त्याला मन भरेपर्यंत पाहून घेतलं.

चार वर्षांपूर्वी, बाहेरून येऊन राहिलेल्यांविरुद्धच्या दंगलीच्या आठवड्यात, तिच्या घराची काच फोडून वीट आत आली होती. तिच्या मुलीच्या, तनयाच्या गालाला सात टाके पडले. दुसऱ्या दिवशी नॉर्मन रेडिओवर म्हणाला, लोकांचा राग समजण्यासारखा आहे. चौदा वर्षांची तनया लीड्सला मावशीकडे गेली, ती परत यायला तयार होईना. मंजिरीचा नवरा अंशुमन इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. आपणही लीड्सला जाऊ, असं तो किती वेळा म्हणाला. मंजिरी म्हणायची, जाऊ, पण इतक्यात नाही. दंगलीनंतर पुढच्याच महिन्यात तिने नॉर्मनच्या पक्षाचा फॉर्म भरला, तेव्हा अंशुमन दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

नॉर्मनला मात्र आनंद झाला. त्याने पत्रकावर तिच्यासोबतचा फोटो छापला. मीटिंगला ती चहा करायची, इतिवृत्त लिहायची, राष्ट्रगीताला ताठ उभी राहायची. आणि माणसं आणायची. हॉस्पिटलमधल्या नर्सेस, त्यांचे नवरे, ज्यांच्या अर्जांना नॉर्मनने कधी उत्तर दिलं नव्हतं असे दुकानदार. एकेकाच्या घरी जाऊन तिने त्यांना सभासद करून घेतलं. शाखा इतकी कधीच वाढली नव्हती, असं नॉर्मन कौतुकाने सांगत फिरायचा.

हॉल रिकामा झाला. मंजिरी खुर्च्या एकावर एक रचत होती. नॉर्मन तिच्यापाशी येऊन उभा राहिला.

"हे तुम्ही केलंत ना?"

"हो."

"का?"

या एका प्रश्नासाठी तिने चार वर्षं काढली होती. गाडी चालवताना, भाजी चिरताना तिने हे उत्तर इतकं घोटलं होतं, की आता तिला शब्द शोधावे लागले नाहीत. वीट, टाके, रेडिओ, रिकामी खोली. प्रत्येक शब्द लागावा म्हणून ती थांबत थांबत बोलली.

नॉर्मनने सगळं ऐकून घेतलं. तो चिडला नाही, ओशाळलाही नाही. कपाळाला आठ्या घालून तो खरंच आठवायचा प्रयत्न करत होता.

"त्या आठवड्यात बऱ्याच घरांच्या काचा फुटल्या," तो म्हणाला. मग त्याने अगदी सरळ मनाने विचारलं, "तुमचं घर नक्की कुठलं?"