आधी दिसतं ते

“बाई, म्हातारीच्याही पोटात बाळ आहे!” शेवटच्या बाकावरची बडबडी ओरडली आणि अख्खा वर्ग उठून चित्रापुढे गोळा झाला.

मोठे सर मागे खुर्चीत बसले होते. खिशात कागद तयार होता. सही केली की चित्रांचा वर्ग बंद आणि बाई घरी. परक्या धर्माची चित्रं. ना देव माहीत, ना गोष्ट. आपल्या पोरांना त्यातलं काय डोंबल कळणार? शिवाय बाईंचंही लक्ष उडालं होतं. कागदात सगळं लिहिलं होतं. महिनाभर रोज उशिरा येतात. रंगांचे डबे उघडले की वर्ग सोडून बाहेर पळतात. चित्र टांगायला स्टुलावर चढत नाहीत, पोरांना चढवतात. चाळिशी उलटली की माणूस कंटाळतोच, असं सरांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

चित्रात दाराशी दोन बायका भेटत होत्या. डोक्यांमागे सोनेरी वर्तुळं. बाईंचा नियम एकच होता, आधी दिसतं ते सांगायचं, मग वाटतं ते.

“तरुण बाईच्या पायांवर धूळ आहे. लांबून चालत आलीय!”

“म्हातारीचा एक हात तिच्या पोटावर आहे.”

“आणि दुसरा स्वतःच्या! मी केव्हाची तेच सांगतेय!”

सर कधी उठून पुढे आले, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. “अगं, पण या वयात?”

“म्हणून तर तिचे डोळे भरलेत, सर! तिनं आशाच सोडली होती.”

“अगदी बरोबर,” बाई म्हणाल्या. “गोष्ट हीच आहे. मी यांना एक अक्षर सांगितलं नव्हतं.”

पोरांनी न सांगता गोष्ट ओळखली, याचा सरांना मनातून भलताच आनंद झाला होता. पण इतक्यात हार मानतील तर ते मोठे सर कसले! “पढवून ठेवलं असेल बाईंनी. ज्याची गोष्ट कुणीच सांगितलेली नाही, असं काहीतरी आत्ता वाचून दाखवा.”

बडबडीनं चित्राकडे पाठ केली आणि बाईंकडे पाहिलं. “सांगू, बाई?”

बाई लाजून लाल झाल्या. मग हसल्या आणि त्यांनी होकारार्थी मान डोलावली.

“बाई महिनाभर उशिरा येतात,” बडबडी म्हणाली. “रंगाचा वास आला की बाहेर पळतात. स्टुलावर चढत नाहीत.”

सरांचा हात खिशाकडे गेला. त्यांचाच कागद ती न बघता वाचत होती.

“हे झालं दिसतं ते,” ते म्हणाले. “आणि वाटतं काय?”

बाईंचा हात मघापासून पोटावर होता.

“वाटतं की सर, तुमची खुर्ची आधी बाईंना द्यायला हवी.”