लाल झिलई

"बाई, भट्टीला दार लावलंय की चाळण?" मातीची पोती उतरवून ठेवत म्हाताऱ्या भागू कुंभारानं विचारलं.

अनघानं नुकताच गॅस बंद केला होता. आत तांबं मिसळलेली झिलई, म्हणजे काचेसारखा लेप, दिलेल्या मातीच्या सात वाट्या होत्या. हवा तोडून धुरात भाजली, की ही झिलई लाल व्हायला हवी. पाच वेळा ती हिरवीच निघाली होती. आजही तसंच झालं, तर लालचा नाद सोडायचा, असं तिनं ठरवलं होतं.

"आग विझली, काका. आता काय बिघडणार?"

"निवतानाच तर वारा आत शिरतो." भागूकाकांनी ओला चिखल घेतला आणि दाराची, धुराड्याची एकेक फट लिंपून टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका आले, तेव्हा अनघानं दार उघडलं. पुढचीच वाटी डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल होती. काठाशी फिकट, बुडाकडे गडद. मागच्या सहाही तशाच. अनघानं एक वाटी काकांपुढे धरली.

काकांनी हात धोतराला पुसले, पण वाटीला लावले नाहीत.

"असाच धूर कोंडून आम्ही जन्मभर काळी गाडगी काढली," ते हळूच म्हणाले. "आणि हे त्यातच दडलं होतं?"