साळिंदर, भाग दुसरा

टीव्हीवरच्या साळिंदराचे काटे एकेक हलत नव्हते. सगळे मिळून एकच झावळी असावी तसे डावीकडे झुकत, मग उजवीकडे. सुमतीताईंच्या ते लक्षात आलं, कारण चटईवर बसलेली रेवा टीव्हीवरून नजर हलवत नव्हती आणि खोलीत दुसरं पाहण्यासारखं काही नव्हतं.

"हे असं का गं दिसतंय?"

"पार्ट टू आहे ना," नऊ वर्षांची रेवा म्हणाली. "पार्ट वन थिएटरमध्ये लागतो. पार्ट टू डायरेक्ट घरी येतो. त्याच्यावर तेवढी मेहनत नाही घेत कोणी."

"आणि पिल्लाचे आईबाबा कुठे आहेत?"

"फिरायला गेलेत. पार्ट टूमध्ये आईबाबा नेहमी फिरायला जातात. शेवटी येतात, हात हलवायला."

सुमतीताई हसल्या. पनवेलच्या त्यांच्या समुपदेशन केंद्रात वेगळे होणारे नवराबायको येत, त्यांची मुलं येत. हा टीव्ही मुलांसाठीच ठेवला होता. रेवाला असले पुढचे भाग तोंडपाठ होते. काही आईच्या घरी पाहिलेले, काही बाबांच्या. दोघंही लाड करतात, असं ताईंना वाटलं.

"माझा पाणी संपला." रेवाने बाटली दाखवली.

"माझं पाणी संपलं."

"हो. माझं पाणी संपलं."

इंग्रजी शाळेतली मुलं, चालायचंच. ताईंनी बाटली भरून दिली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "मग, कोणाकडे राहायचं ठरवलंस?"

"दोघांना नको."

"दोघं नकोत, असं म्हणायचंय का?"

रेवाने त्यांच्याकडे पाहिलं. मग पाण्याच्या वेळी हलवली होती तशीच मान हलवली.

दोघांवर सारखीच माया असलेलं मूल एकाला दुखवण्यापेक्षा दोघांनाही नकार देतं, हे ताईंनी पूर्वी पाहिलं होतं. सोमवारी न्यायालयात तारीख होती आणि रेवाची इच्छा काय ते ताईंनीच सांगायचं होतं. भांडणारी माणसं असती तर काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. त्यांच्यासमोर लोकांनी पोरांचे हात ओढले होते, सासवांचा उद्धार केला होता. या दोघांपुढे मात्र त्यांचा काही इलाज चालत नव्हता.

शुक्रवारी रेवाचे बाबा सत्यजीत आणि आई आभा एकत्र आले. सत्यजीत न्हावा शेव्याला नोकरीला होता आणि आता उलव्याला राहत होता. आभा नवीन पनवेलमध्येच, जुन्या घरी. रेवा आतल्या खोलीत टीव्हीपुढे बसली.

"आभाकडून शाळा चालत जाण्यासारखी आहे," सत्यजीत म्हणाला. "आणि मुलीला आई लागतेच. ती तिथे राहिली तर माझी अजिबात हरकत नाही."

"उलव्याला दोन बेडरूम आहेत, ताई. माझ्याकडे एकच. आणि हवा काय सुंदर येते तिकडे." आभाने ओढणी सारखी केली. "माझीही हरकत नाही."

"हवा?" सत्यजीत हसला. "सगळीकडे बांधकामं चाललीत. धुळीने तिला खोकला होतो, असं तूच म्हणायचीस."

"तेव्हा तू म्हणायचास, काही होत नाही."

"तुझ्या हातचं खाल्लं की बरी होते ती."

"ऑम्लेट तिला तुझंच आवडतं. आयुष्यात एक पदार्थ शिकलायस, तो तरी लेकीला करून घाल."

ताईंना हसू आलं. एकमेकांबद्दल इतकं चांगलं बोलणारं जोडपं या खुर्च्यांवर कधी बसलं नव्हतं. हे वर्षभरापूर्वी बोलला असतात तर, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं, पण त्यांनी ते गिळलं.

"आपण तिच्यावरच सोडू," आभा म्हणाली. "तिच्या मनाप्रमाणे होऊ दे."

"हो, तेच बरं," सत्यजीत लगेच म्हणाला.

ताई उठून आत गेल्या. मधलं दार उघडंच होतं. रेवाने टीव्हीचा आवाज केव्हाच बंद केला होता. साळिंदर नुसतेच ओठ हलवत होतं. ताई गुडघ्यावर हात टेकून चटईवर बसल्या.

"बाळा, दोघंही तुझीच आहेत. एकाचं नाव घेतलंस म्हणून दुसरं रागावणार नाही."

"माहितीये."

"मग? सोमवारी मला काहीतरी सांगावं लागेल गं. मी काय सांगू?"

रेवाने चटईची निघालेली काडी परत आत खोचली. ती पुन्हा वर आली. तिने पुन्हा खोचली. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, तशी ती ताईंच्या कानाशी सरकली.

"होस्टेल सांगा. आणि मीच हट्ट केला म्हणा, म्हणजे त्यांना 'तू ठेव, तू ठेव' करत बसावं लागणार नाही."